मिन्स्कमध्ये उभारलेलं आपलं गाव

जिंतूरच्या स्टँडवर परभणीची गाडी लागली तेव्हा मायनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुन्हा माझ्याच हातात दिली. तिला काय करावं ते सुचत नव्हतं. माझा धाकटा भाऊ प्रकाश पत्र्याची पेटी टपावर चढवत होता. परभणीहून मनमाड, मनमाडहून दिल्ली आणि दिल्लीहून विमानानं रशिया, असा माझा प्रवास होता. मला तिकडं डॉक्टरकी शिकायला सरकारी स्कॉलरशिप मिळाली होती. वस्तीतली निम्मी माणसं निरोपाला आली होती आणि सगळी एकदम बोलत होती.  गाडी हलायच्या बेताला आली तेव्हा माय खिडकीशी आली.

"कमळे, तिकडं कोनी इचारलं तर आपलं बरंच सांग. घरचं उणं परक्यापाशी काढू न्हाई."

मी मान हलवली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि दुसऱ्यांदा घर सोडत होते.

पहिल्यांदा सोडलं ते अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात. निरोप द्यायला तेव्हा कुणी नव्हतं. मी सातवीत होते. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव मुंबईत झाला, आणि ज्या नावानं आमच्या वस्तीत रोज दिवा लागायचा त्या नावावरून मराठवाडा पेटला. आमची वस्ती गावाच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडं. माझे वडील, दादा, गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी होते. त्या घरचा थोरला मुलगा बाळू हुरड्याच्या दिवसांत आम्हा पोरांना गरम कणसं चोळून द्यायचा. हाताला हात न लागू देता, वरूनच, पण द्यायचा. त्या दुपारी ओढ्याच्या अंगानं गर्दी आली तेव्हा सगळ्यांत पुढं बाळू दिसला. मला वाटलं, हा आपल्याला सोडवायला आलाय. मी मायला ओरडून सांगितलंही, "माय, बाळूदादा आलाय!" त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता, हे मला जवळ आल्यावर कळलं.

आम्ही कापसाच्या शेतातून पळालो. मागं वळून बघितलं तेव्हा आमचं छप्पर ओलं असल्यामुळं नीट पेटत नव्हतं आणि ते लोक पुन्हा पुन्हा पेटवत होते. एका ट्रकवाल्यानं आम्हाला परभणीपर्यंत सोडलं. मला औरंगाबादला मावशीकडं ठेवलं. काही महिन्यांनी माय-दादा परत गावात गेले, त्याच जागी चार खांब रोवून राहिले. का गेले, हे तेव्हा मला कळलं नाही. मी मात्र राहायला म्हणून त्या घरात परत गेले नाही. सुट्टीत जायचे, पाहुण्यासारखी. मी बारावीला असताना दादा गेले.

रशिया म्हणजे माझ्या बाबतीत मिन्स्क. पहिलं वर्ष भाषा शिकण्यात गेलं. काळा आंबूस पाव, बीटचं सूप, खिडकीच्या दोन काचांमध्ये कोंबलेला कापूस, आणि घरून निघताना मफलर कानांवरून ओढायची सवय. हॉस्टेलची रखवालदार बाई मला बघितलं की आपल्या जुन्या हिंदी सिनेमातलं गाणं गुणगुणायची. तिला वाटायचं, आमच्याकडं सगळे नाचत-गातच राहतात. मी हसायचे. मायनं बरंच सांगायला सांगितलं होतं आणि इथं तर न सांगताच सगळ्यांना बरं वाटत होतं.

त्यांचा देशही आम्हाला बरंच दाखवायचा. सामुदायिक शेतीवर न्यायचे, तिथं धुतलेल्या गाई आणि लाल गालांच्या बायका. एका वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्हा परदेशी मुलींना आपापल्या पोशाखात संचलनात चालवलं. छान ऊन पडलं होतं, आम्ही हात हलवत गेलो. त्याच्या काही दिवस आधीच चेर्नोबिलचा स्फोट झालेला होता आणि वारा आमच्याच बाजूला होता, हे आम्हाला नंतर कुजबुजीतून कळलं. आम्ही डॉक्टरकी शिकणाऱ्या मुली. तरी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी कितीतरी दिवस केस धूत राहिले. पाहुण्यापुढं घर झाकायची रीत फक्त मायचीच नाही, ती एवढ्या मोठ्या देशाचीही आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

त्यानंतरच्या वर्षी आपल्या सरकारनं तिकडच्या शहरांत भारताचं मोठं प्रदर्शन नेलं. मिन्स्कलाही आलं. कापड, मूर्ती, मसाले, आणि मधल्या दालनात एक अख्खं भारतीय खेडं. मातीनं लिंपलेली तीन घरं, तुळशीवृंदावन, बैलगाडी, देवळाचं शिखर आणि मधोमध विहीर. विहिरीला रहाट, दोर, पितळेची कळशी. तळाला खरं पाणी. दुभाषे म्हणून आमच्यातल्या चार मुली निवडल्या. मी नऊवारीत. दिल्लीहून आलेले एक साहेब सगळं बघत होते. मूळचे नांदेडकडचे, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचे, आणि मायेनं बोलायचे. आपल्या बोलीत कुणी "जेवलीस का?" विचारायची मला केवढी भूक होती, ते परदेशात राहिलेल्यांना कळेल.

साहेबांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "हे लोक साप विचारतील, साधू विचारतील, हसून सोडायचं. जात विचारतील. सांगायचं, कायद्यानं गेली, आता पुस्तकात उरलीय."

पहिल्या दिवशी गर्दी लोटली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्याला विहिरीवर पाणी ओढणाऱ्या भारतीय मुली पाहिजे होत्या. केरळची मुलगी गेली, दिल्लीची गेली, दोघींनी दोर धरून हसून दाखवलं. माझी पाळी आली. मी विहिरीपाशी गेले, हात पुढं केला आणि हात थांबला. ते लाकडाचं नाटकी खेडं होतं, मला माहीत होतं. गावापासून मी हजारो मैलांवर होते, शरीरशास्त्राच्या परीक्षेत पहिली आले होते. तरी हात दोरापर्यंत जाईना. गावात असताना माय आणि मी विहिरीपासून लांब उभ्या राहायचो, आमच्या घागरीत वरून ओतणारी कुणी भेटेपर्यंत. कधी तासभर कुणी भेटायचं नाही. ते सगळं माझ्या दंडातच बसून राहिलं होतं. मी पदर सावरल्यासारखं केलं, कळशीच्या शेजारी उभी राहिले आणि फोटो काढून घेतला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं पंचावन्नच्या घरातली एक बाई माझ्याजवळ आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, जाड तळव्यांचे बूट. नाव लिदिया, हे नंतर कळलं. तिनं मला हळू विचारलं, "मुली, बाकीच्या पोरींनी दोर धरला. तू हात मागं घेतलास. का गं?"

 दालनात शेकडो माणसं होती. साहेब होते, आपल्या देशातून आलेले कारागीर होते, ज्यांना या हात मागं घेण्याचा अर्थ बघताक्षणी कळला असता. त्यांच्यातल्या कुणाला दिसलं नाही आणि या परक्या म्हातारीला दिसलं.

मी म्हणाले, "दोर ओला होता."

ती मान हलवून म्हणाली, "बरं. मग हे सांग, तू अशाच गावची ना? यातलं तुझं घर कुठलं?"

एवढा साधा प्रश्न. मी तीनपैकी कुठल्याही घराकडं बोट दाखवू शकले असते. मायचं वाक्य मला आठवलं, साहेबांचंही आठवलं. मी तुळशीवृंदावनाच्या घराकडं बघितलं, आणि त्या घरात मी उभ्या जन्मात पाऊल ठेवलेलं नाही हे माझ्या मनात एवढं स्पष्ट आलं की माझं बोट आपोआप दुसरीकडं गेलं. खेड्याच्या कुंपणाची दोरी ओलांडून, खिडकीखाली रिकामी खोकी रचून ठेवली होती तिकडं.

"तिथं," मी म्हणाले.

"तिथं तर गाव नाहीच."

"आमची घरं गावाच्या बाहेर असतात. या विहिरीला आम्ही हात लावायचा नसतो. आणि आमचं घर आता नाही. जाळलं."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "युद्धात?"

"नाही."

"मग कुणी? शत्रूनं?"

"सोसेदी," मी म्हणाले. शेजाऱ्यांनी.

भोवती माणसं जमली होती. एका तरुणानं विचारलं, "पण कशासाठी?" मी सांगितलं, विद्यापीठाच्या नावासाठी. त्यानं दोनदा विचारलं, त्याला वाटलं मी रशियन शब्द चुकलेय. शब्द बरोबरच होता. लिदियानं तोंडावर हात धरला होता आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की मला तिची नजर सोसेना.

साहेबांनी मला दालनामागच्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत. 

"कमल, पोरी, हे काय केलंस? पाहुण्यांसमोर घरातली घाण काढतात का?"

"घाण न्हाई काढली साहेब. त्यांनी घर इचारलं, म्या घर दाखवलं." घाबरले की माझ्या तोंडून गावची बोली यायची.

"तुझी स्कॉलरशिप कुणाची आहे? याच देशाची ना? ज्या ताटात जेवलीस..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग खाली बसले आणि म्हणाले, "मला वर रिपोर्ट द्यावा लागेल. साडी बदल आणि जा. उद्यापासून येऊ नकोस."

मला सगळ्यांत मोठा धक्का त्या धमकीचा नव्हता. तयारीपासूनचे तीन दिवस हा माणूस मला लेकीसारखं वागवत होता. माझं घर जाळलं, हे त्यानं आत्ता पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि त्यानं मला एका शब्दानंही विचारलं नाही, की कोणतं गाव, कुणी वाचलं का, माय कशी आहे.

तो अख्खा हिवाळा मी धास्तीत काढला. जिन्यात बूट वाजले की वाटायचं, आला हुकूम, चला परत. परत म्हणजे तरी कुठं? स्कॉलरशिप काढून घेतलेली पोरगी गावात काय तोंडानं गेली असती? एकदा डीन बाईंनी बोलावलं. त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, "तू प्रदर्शनात सांगितलंस ते खरं आहे?" मी हो म्हटलं. "परीक्षेची तयारी कर," त्या म्हणाल्या. त्यापुढं त्या विषयावर मला कुणी बोलावलं नाही. साहेबांनी रिपोर्ट दिला नाही, की दिला आणि कुठं अडकला, मला आजही माहीत नाही.

बर्फ वितळल्यावर लिदिया हॉस्टेलवर आली. मला शोधत, हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन. "रविवारी माझ्याबरोबर चल," म्हणाली, "तुला माझं गाव दाखवते."

बसनं गेलो. एका वळणावर उतरलो. गाव नव्हतंच. गवत, भूर्जाची झाडं आणि मधे एक काळा दगड, त्यावर ओळीनं नावं. जुन्या महायुद्धात जर्मन सैन्यानं ते गाव माणसांसकट जाळलं होतं. अशी जाळलेली गावं त्या मुलखात कितीतरी आहेत, परदेशी पाहुण्यांना आवर्जून ती दाखवायला नेतात. लिदिया तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, सकाळीच बटाट्याच्या तळघरात उतरली होती म्हणून वाचली. दगडावरच्या नावांत तिची आई होती, दोन भाऊ होते.

मला हेवा वाटला. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच. यांचं घर जळलं तर देशानं दगड उभा केला, फुलं वाहिली, पाहुण्यांना आणून दाखवलं. आमच्या जळक्या वस्तीवर दुसऱ्या वर्षी एरंड उगवला. मी तिला तसं बोलून दाखवलं.

लिदियानं इकडं-तिकडं बघितलं. माळावर आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. तरी तिचा आवाज खाली गेला.

"दर मे महिन्यात मला इथं आणून उभं करतात. पाहुणे येतात. मी सांगते, सैनिक आले, सगळ्यांना कोठारात कोंडलं, बाहेरून दार लावलं. मग मी थांबते. रडते. ते फोटो काढतात." ती दगडापाशी टेकली. "दार लावणारा जर्मन नव्हता, मुली. मी तळघराच्या फटीतून त्याचा आवाज ऐकला. आमच्याच भाषेत बोलत होता. पलीकडच्या गावचा होता तो. माझ्या मावशीच्या लग्नात त्यानं अकॉर्डियन वाजवलं होतं."

तिनं दगडावरच्या नावांवरून हात फिरवला.

"दगडावर ते नाही. मी एकदा सांगायला गेले, तर मला म्हणाले, एवढं नको. कुठं थांबायचं ते मला शिकवलंय. म्हणून तू विहिरीपाशी थांबलीस ते मला दिसलं."

 तिनं कागदात बांधून आणलेली उकडलेली अंडी आणि पाव काढला. मी खाल्लं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. या बाईनं पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं आणि आज सांगितलं ते मला, परभणी जिल्ह्यातल्या एका पोरीला, कारण हे कळेल असं तिला दुसरं कुणी नव्हतं. तिच्या आणि माझ्या देशाच्या पुढाऱ्यांचे गळाभेटीचे फोटो तेव्हा जागोजागी लागलेले असायचे. दोन्ही देशांची खरी ओळख मला वाटतं त्या रविवारी त्या गवतात झाली.

लिदिया पुढं माझी आजीच झाली. शिक्षण संपलं, तोवर सोव्हिएत देशच मोडला. दुकानं रिकामी झाली, नोटा बदलल्या, झेंडा बदलला. मी परत यायचं ठरवत होते, पण लहान मुलांच्या दवाखान्यात काम लागलं, आणि त्या वर्षांत तिथं आजारी पोरांची काही कमी नव्हती. आंद्रेई त्याच दवाखान्यात होता. आम्ही लग्न केलं. लग्नात माझ्या बाजूनं लिदिया उभी राहिली. पुढं तिला आमच्या घरातून शेवटचा निरोप दिला तो मीच.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत प्रकाशचा जिंतूरच्या एसटीडी बूथवरून फोन आला. तो ओरडत होता, "अक्का, नाव लागलं! इद्यापीठाला नाव लागलं!" मागं फटाक्यांचा आवाज होता. मग मायनं फोन घेतला. ती एवढंच म्हणाली, "लय मानसं गेली गं त्या नावापायी." आणि फोन कट झाला.

त्यानंतर चार वर्षांनी मी लेकीला घेऊन गावी गेले. नीना चार वर्षांची. प्रकाशला परभणीत नोकरी लागलेली, पक्कं घर झालेलं, पण माय वस्तीतच राहत होती, एकटी. मी ठरवूनच गेले होते की यावेळी तिला उठवायचं. एक तर प्रकाशकडं, नाही तर माझ्यासोबत मिन्स्कला.

डॉक्टरीण आली म्हणून वस्तीतली माणसं दिवसभर येत होती. संध्याकाळी गावातली एक बाई कडेवर तापानं फणफणलेलं पोर घेऊन आली. अंगणाच्या कडेला थांबली. मी पुढं होऊन पोराला घेतलं, तपासलं, गोळीचे तुकडे केले आणि मायला म्हटलं, वाटीत पाणी दे. त्या बाईनं पदराखालून स्वतःची बाटली काढली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पानी हाय माझ्याकडं."

तिनं माझ्या हातची गोळी आपल्या पाण्यात कालवून पोराला पाजली आणि गेली.  नाव लागलं होतं, फटाके वाजले होते, आणि मी हे बघत होते. मायला मात्र हसू येत होतं. "औसद चालतं बाई त्यांना," ती म्हणाली, "पानीच तेवढं नडतंय."

मला रडू कोसळलं. "कशाला ऱ्हातीस माय हितं? चल माझ्यासंगं. काय हाय हितं तुझं?"

माय चुलीपुढं बसली होती. तिनं माझ्याकडं वळून बघितलं.

"आमी गेलो तर त्यांना वाटंल, जाळून काम झालं. म्या रोज सकाळी चूल पेटवते. रोज धूर निघतोय. गावाला दिसतोय त्यो. दिसू दे की."

वीस वर्षं मला न उमगलेलं होतं ते हेच. मी जगभर घर कुठं म्हणून विचारणाऱ्यांना कधी बरं सांगितलं, कधी खरं सांगितलं. माय बोलली काहीच नव्हती. ती तिथंच राहिली होती. तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून लांब गेलात, आणि तुम्ही जे मागं राहिलात, दोघांनाही सांगते: माझं घर म्हणजे मिन्स्कमधली माझी चौथ्या मजल्यावरची खोली नाही आणि गावातले ते चार खांबही नाहीत. जिथून आपलं माणूस हलायला तयार नाही, ते माझं घर.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले. नीना आधीच अंगणात गेली होती. ती धावत आत आली, डोळे मोठे करून, रशियनमध्ये विचारत, "आई, आपलं घर जळतंय का?"

मी बाहेर आले. पत्र्यावरून धूर सरळ वर चढत होता, ओढ्याच्या पलीकडं गावापर्यंत दिसेल असा.

"नाही बाळा," मी म्हणाले. "आजी भाकरी करतीय."